पंखा डायरेक्ट करू नकोस

सातारा, १२ एप्रिल

चि. सोनूस,


काल रात्री फोनवर तू घाईत होतीस, आणि असल्या गोष्टी फोनवर सांगून हाताला लागत नाहीत. म्हणून सविस्तर लिहितोय. वाचून झालं की पत्र गाडीच्या कप्प्यात ठेव. बॉनेट उघडून, गाडीशेजारी उभं राहून वाचायचं पत्र आहे हे.

तू सांगितलंस त्यातून मला कळलं ते असं. स्वारगेटच्या गर्दीत तापमानाचा काटा चढत चढत लाल खुणेला टेकला, पुढे मोकळा रस्ता लागल्यावर आपोआप खाली आला. रेडिएटरचा पंखा कधी फिरताना दिसतो, कधी दिसत नाही. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मोटर गेलीय. नवी टाका, नाहीतर पंखा डायरेक्ट करून देतो." तू हो न म्हणता मला विचारलंस, हे फार चांगलं केलंस.

आधी निर्णय सांगतो. डायरेक्ट, म्हणजे चावी लावली की पंखा कायम फिरत राहील अशी थेट वायर, करू देऊ नकोस. नवी मोटरही एवढ्यात घेऊ नकोस. कधी फिरतो आणि कधी फिरत नाही, अशा पंख्याची मोटर क्वचितच मेलेली असते. करंट बॅटरीतून निघून मोटरपर्यंत जातो आणि परत येतो, त्या वाटेत कुठेतरी अडतोय. कुठे अडतो ते शोधायचं. अर्धा दिवस लागेल आणि ते तुला जमेल.

गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, ही तू सांगितलेली खूण लाखमोलाची आहे. गाडी ताशी पन्नास-साठने पळते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पंख्याची गरज पडत नाही. सिग्नलला उभी राहिली की वारा बंद, आणि तिथे पंख्याचं काम सुरू होतं. उलट हायवेवर, सपाट रस्त्यावरसुद्धा काटा चढत असता तर मी पंख्याकडे पाहायलाच सांगितलं नसतं. तेव्हा कूलंट कमी, रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला, पाण्याचा पंप किंवा हेड गॅस्केट, यांतलं काहीतरी असतं.

आपल्या आण्णांची, आता तुझ्याकडे असलेली ही गाडी १९९८ची, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. तिच्या आधी आपल्या दारात पद्मिनी होती, तुझ्या आईला विचार. पद्मिनी काय आणि अॅम्बॅसेडर काय, त्यांचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं. पंखा पाण्याच्या पंपावरच बसलेला आणि इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. इंजिन चालू तोवर पंखा चालू, त्यात बिघडायला पट्टा सोडून काही नव्हतं. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे त्याच्या तोंडाशी रेडिएटर येत नाही. मग पंखा विजेवर घ्यावा लागला. पुष्कळ जुन्या मेकॅनिकांना त्या काळी ही वायरिंगची भानगड नकोशी वाटली. "डायरेक्ट करून टाक" हा उपाय गॅरेजांत रुळला तो तेव्हापासून, असं मला वाटतं. जुन्या गाडीसारखा पंखा कायम फिरत ठेवला की त्यांच्या मनाला बरं वाटे. आपण अजून 'फॅन बेल्ट' म्हणतो, पण या गाडीत त्या पट्ट्यावर पंखा नाही, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर आहे. म्हणून हेही लक्षात ठेव: काटा चढला आणि त्याच वेळी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवाही लागला, तर पट्टा तुटलाय. तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं.

डायरेक्ट का नको, ते मी माझ्या हातून झालेल्या चुकीवरून सांगतो. मी नुकतं स्वतःचं वायरिंगचं काम सुरू केलं होतं. एक शिक्षक दुपारी गाडी घेऊन आले, तीच तक्रार. दुसऱ्या दिवशी त्यांना सहकुटुंब पुण्याला जायचं होतं आणि माझ्याकडे चार गाड्या खोळंबलेल्या. मी पाणी तापल्यावर पंखा लावणारा थर्मो स्विच बाजूला काढला, चावीच्या स्विचमागून एक वायर ओढली आणि पंख्याला दिली. चावी फिरवली की पंखा चालू. गुरुजी खूश होऊन गेले. दोन-अडीच महिन्यांनी ते परत आले ते गाडी ओढून घेऊन. खंबाटकीच्या चढावर गाडी अचानक बंद पडली होती, मागे ट्रक, गाडीत लहान मूल. मी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं तर चावीच्या स्विचचं प्लास्टिक वितळून आतले संपर्क जागेवरून सुटलेले. पंख्याची मोटर सात-आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. तेवढा भार त्या स्विचवर टाकायचा नसतो, तो मी टाकला होता. मूळ बिघाड तर तसाच होता: पंख्याच्या अर्थची वायर बॉडीला जिथे पकडलेली, तिथे गंज. पाच मिनिटांचं काम. मी ते शोधलं नव्हतं.

मोठा भार सांभाळणारा रिले टाकून नीट डायरेक्ट केलं तरी ते चूकच आहे. इंजिनला ठरावीक उष्णता लागते. ते कायम थंड राहिलं तर पेट्रोल नीट जळत नाही, गाडी जास्त पेट्रोल पिते, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. अखंड फिरून मोटरचे कार्बन लवकर झिजतात. आणि सगळ्यात मोठं नुकसान हे की गाडी जी तक्रार सांगत होती, ती ऐकण्याआधीच आपण तिचं तोंड बंद करतो.

आता कामाला लाग. गाडी सकाळी, रात्रभर उभी राहून गार झालेली असताना घे. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे मी या पत्रात पुन्हा सांगेन आणि तू दर वेळी नव्याने वाच. झाकण आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं.

गार असताना झाकण उघड आणि रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला आहे का बघ. हे आधी बघायचं कारण आहे. पाणी कमी असलं तर थर्मो स्विच पाण्यात न बुडता वर कोरडा राहतो. मग इंजिन उकळत असलं तरी त्याला ते पुरेसं कळत नाही आणि पंखा लागत नाही. पंखा निर्दोष आणि दोष मात्र पंख्याच्या नावावर, असं होतं. कमी असेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी मिसळून भर. बोअरचं पाणी घालू नकोस, त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाक. चवीला ते गोड असतं म्हणून कुत्री चाटतात, आणि ते विष आहे.

मग चावी बंद ठेवून आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून पंख्याचं पातं बोटाने फिरव. अलगद फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. जड फिरलं किंवा खरखरलं, तर बुश गेलेत आणि मोटर खोलावी लागेल. अलगद फिरलं तर बॅटरी परत जोड आणि पुढे चल.

या गाडीला एसी बसवला तेव्हा पंख्याची वायरिंग मी स्वतः बदलली होती, त्यामुळे ती मला तोंडपाठ आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक जाड लाल वायर निघते, वीतभर अंतरावर तिच्यात फ्यूज आहे, तिथून ती रिलेच्या ३० नंबरच्या पायाला जाते. ८७ वरून निघालेली वायर मोटरला. मोटरची दुसरी, काळी वायर बॉडीला अर्थ. ८६ ला चावीचा करंट येतो, आणि ८५ वरून एक बारीक वायर थर्मो स्विचकडे जाते. पाणी नव्वदीच्या पुढे तापलं की स्विच आतून जुळतो, त्या बारीक वायरीला अर्थ मिळतो, रिले 'टक्' करतो आणि जाड वायरीतून मोटरला करंट सुटतो. हे आकडे रिलेच्या पोटावर छापलेले आहेत, चष्मा लावून वाच.

शोध मधून सुरू करायचा, टोकाकडून नाही. चावी ऑन कर, इंजिन चालू करू नकोस. थर्मो स्विचचा कपलर काढ. एका वायरीचा असेल तर ती वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकव. दोन वायरींचा असेल तर वायरीच्या तुकड्याने दोन्ही पिना जोड. एक सांभाळ: तसलाच दुसरा पितळी नग काट्यासाठीही आहे. चुकून त्याची वायर टेकवलीस तर डॅशबोर्डवरचा काटा सरळ H कडे जाईल. तसं झालं तर लगेच काढ आणि शेजारचा घे.

बरोबर वायर टेकवली आणि पंखा जोरात फिरला, तर बाकी सगळं ठीक आणि दोष फक्त स्विचचा. नवा घेण्याआधी खात्री करायची असेल तर जुन्या पातेल्यात पाणी तापवून स्विचचं टोक त्यात बुडव, वर मीटर लाव आणि थर्मामीटर धर. स्विचवर छापलेल्या अंशाच्या आसपास तो जुळला पाहिजे. यात एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. आपल्याकडे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. पुण्यात ते अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला तर पंच्याण्णव-शहाण्णवलाच. त्यामुळे जास्त अंशाचा स्विच पातेल्यात कधीच जुळणार नाही, आणि चांगला स्विच फेकला जाईल. ते पातेलं परत स्वयंपाकात घेऊ नकोस.

वायर टेकवून रिले 'टक्' झाला नाही, तर ८६ ला चावीचा करंट येतोय का ते पाहा. बहुतेक वेळा दोष त्या वाटेवरच्या फ्यूजचा निघतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाल. मोठा घातलास तर फ्यूजच्या ऐवजी वायर जळेल.

'टक्' आवाज आला पण पंखा फिरला नाही, किंवा रडतखडत फिरला, तर आपण मुख्य जागी आलो. मला वाटतं, तुझा बिघाड इथेच सापडेल. इथे लोक मीटर लावतात, बारा व्होल्ट दिसतात आणि म्हणतात, "करंट येतोय, म्हणजे मोटर गेली." मीटर खोटं बोलत नाही, पण त्याने विचारलेला प्रश्नच अपुरा असतो. वायरीतले वीसपैकी एकोणीस धागे गंजून तुटले आणि एकच उरला, तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही. मोटरने सात अँपिअर मागितले की तो एक धागा ते देऊ शकत नाही. जोडात अर्धा ओहम अडथळा असला तरी तीनएक व्होल्ट तिथेच जिरतात, जोड तापतो आणि पंखा मरगळून फिरतो.

म्हणून भार टाकून तपासायचं. हेडलाइटचा जुना बल्ब घे. एक फिलामेंट गेलेला असला तरी दुसरा शाबूत असतो, तो चालेल. त्याला दोन वायरी डाक देऊन लाव. हा बल्ब साधारण पाच अँपिअर घेतो, म्हणजे पंख्यापेक्षा थोडा कमी, पण पुरेसा भार. मोटरचा कपलर काढ आणि मोटरच्या जागी बल्ब जोड, थर्मो स्विचची वायर टेकवलेलीच ठेव. बल्ब हेडलाइटसारखा लख्ख पेटला तर वाट स्वच्छ आहे आणि दोष मोटरमध्ये. बल्ब मंद असेल, तर त्याची अर्थकडची वायर कपलरमधून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लाव. आता लख्ख झाला? मग अर्थ खराब. अजून मंदच? मग लाल बाजूला कुठेतरी अडतंय: फ्यूजचं घर, रिलेचे पाय किंवा मधला जोड. बल्ब चटकन तापतो, हाताने धरू नकोस आणि प्लास्टिकवर ठेवू नकोस.

कपलर उघडशील तेव्हा नुसता काढून परत लावू नकोस, उन्हात धरून आत बघ. चांगली पिन चमकते. खराब पिनेवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड असते, शेजारचं प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित वाकलेलं असतं, आणि वायर मागून हलकेच ओढली तर ती नुसत्या रबरावर लटकलेली आढळते. असा कपलर घासून भागत नाही. वायर चार बोटं मागे, लाल तांबं लागेपर्यंत काप आणि नवी पिन दाबून बसव. तांबं काळं निघालं तर आणखी मागे जा. नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळलेल्या जोडावर कधी विसंबू नकोस, पहिल्याच पावसाळ्यात तो पुन्हा त्रास देईल.

मला संशय अर्थचा आहे. आण्णा गेल्यावर गाडी दोन पावसाळे कडुलिंबाखाली उघड्यावर उभी होती. अर्थचा बोल्ट रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यावर आहे. पाला कुजून तिथे ओल धरते. बोल्ट वरून नीट दिसतो, गंज लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीच्या, खाली असतो. बोल्ट पूर्ण काढ, लग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने उजळ होईपर्यंत घास, घट्ट आवळ आणि वरून थोडं ग्रीस लाव. मग पंखा चालू ठेवून मीटरची एक पिन मोटरच्या काळ्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लाव. पाव व्होल्टच्या आत आकडा आला की अर्थ चांगला. मीटरचा खरा उपयोग इथे आहे, करंट वाहत असताना.

दोष मोटरचाच निघाला तर तिच्या पाठीवर लाकडी मुठीने हलकेच ठोक. ठोकल्यावर फिरली तर कार्बन संपलेत. पुण्यात मोटर वाइंडिंगवाले अजून कार्बन बदलून देतात, त्यांच्याकडे ने. परत बसवल्यावर वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, वरवर पाहता सगळं ठीक, आणि गाडी मात्र तापते. कागदाचा एक तुकडा रेडिएटरच्या समोरच्या बाजूला धर. तो जाळीला चिकटला पाहिजे.

शेजारच्यांची नवी, एमपीएफआय (इंजेक्शनवाली) गाडी तपासायला गेलीस तर यातलं काहीही करू नकोस. तिथे पंख्याचा हुकूम ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर देतो, आणि त्याच्या वायरींवर असा बल्ब लावला तर ईसीयू जळू शकतो.

तुझ्या गाडीची ही तपासणी होईपर्यंत ती गर्दीत नेऊ नकोस. नेलीच आणि काटा चढू लागला, तर एसी बंद कर, हीटर पूर्ण उघड आणि त्याचा ब्लोअर जोरात लाव. उन्हाळ्यात जीव नकोसा होईल, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची उष्णता बाहेर काढतो. तरी काटा थांबला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद. वर गार पाणी ओतू नकोस. हेड अॅल्युमिनियमचं आहे, ते एकदा वाकलं की खर्च हजारांत जातो. पाऊण तास थांब. आणि झाकण गरम असताना उघडू नकोस.

रविवारी मी दिवसभर घरी आहे. बल्ब लख्ख पेटला की मंद, आणि बोल्टखाली काय निघालं, ते मला त्याच दिवशी कळव. काही अडलं तर सोमवारच्या सकाळच्या एसटीने मी येतो, हत्यारांची पेटी भरून ठेवली आहे.

तुझा मामा